खाडीवरचा जुना पूल बदलायचा तर आधी भरावाकडं बघा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्रानं विचारलंय. त्याची सासुरवाडी मालवणकडं, वाटेतल्या खाडीवरच्या पुलाला दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी लावून एसटी आणि ट्रक बंद केलेत, त्यामुळं लांबचा वळसा पडतो. त्याचे प्रश्न तीन. आपला शिवाजी पूल दीडशे वर्षांच्या घरात जाऊन उभा राहिला आणि हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कसा खराब झाला? नवीन पुलाला इतका उशीर का? आणि थोडी खारफुटी काढून दोन्ही बाजूंनी भराव टाकला, मधे छोटा पूल केला तर वर्षात काम होईल, मग ते का करत नाहीत? मी घाटावर आणि कोकणात दोन्हीकडं पुलांची कामं केलीत, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो, कारण तिसऱ्या प्रश्नात जी गोष्ट सोपी वाटते तिथंच खरी गोम आहे.

आधी पहिला प्रश्न. शिवाजी पूल १८७८ च्या सुमाराचा, दगडी कमानींचा. कमानीत दगड दगडाला दाबून धरतो, सगळा भार दाबानं खाली जातो, त्यात सळई नाहीच, म्हणजे गंजायला काही नाही. पाणीही पंचगंगेचं, गोडं. खाडीवरचा पूल आरसीसीचा, त्याची निम्मी ताकद आतल्या सळईत असते. सळईभोवती चांगलं काँक्रीट असतं तोवर ती गंजत नाही, कारण सिमेंटमुळं आत अल्कली वातावरण असतं आणि सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो. पण खाऱ्या पाण्यातलं मीठ, म्हणजे क्लोराईड, काँक्रीटच्या बारीक छिद्रांतनं वर्षानुवर्षं आत झिरपत राहतं आणि सळईपर्यंत पोचलं की तो थर फोडतं. मग गंज सुरू होतो, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त भरतं, त्यामुळं तो आतनं काँक्रीटला ढकलतो, आधी सळईच्या रेषेत बारीक भेग, मग फुगवटा, मग कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, पोपडे. पोपडा पडला की सळई थेट खाऱ्या हवेत, तिथनं पुढं वेग फार वाढतो. त्या काळातल्या पुलांना कव्हर बऱ्याच वेळा एक-दीड इंचच ठेवलेलं असायचं. आताच्या आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) कोडप्रमाणं भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटला ७५ मिलिमीटर म्हणजे तीन इंच कव्हर लागतं, यावरनंच कळेल की आधी किती कमी होतं.

असा पूल बघायचा तर वरनं गाडीतनं बघून काही समजत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची पूर्ण ओहोटी गाठायची, त्याच गावची होडी आणि होडीवाला घ्यायचा आणि पुलाखाली जायचं. पिअरवर, म्हणजे पुलाच्या खांबांवर, कालवं चिकटलेली असतात, तळापासनं एका ठराविक उंचीपर्यंत, आणि ती रेष इतकी सरळ असते की पट्टी लावून आखल्यासारखी दिसते. भरतीचं पाणी नेमानं कुठपर्यंत येतं हे ती रेष सांगते. कालवांच्या खालचं काँक्रीट बहुतेक वेळा बऱ्यापैकी चांगलं असतं, कारण सतत ओलं असलेल्या काँक्रीटमध्ये ऑक्सिजन कमी पोचतो. खरी वाट लागलेली असते त्या रेषेच्या वरच्या चार-सहा फुटांत आणि गर्डरच्या, म्हणजे वरच्या तुळईच्या, तळाला, जिथं लाट उडते, वाळते, परत उडते आणि प्रत्येक वाळण्याबरोबर मीठ तेवढं साठत जातं. तिथं लहान हातोडी घेऊन ठोकत जायचं. चांगलं काँक्रीट ठणकन वाजतं, आतनं सुटलेलं बद्द वाजतं, आणि सवय झाली की आवाजावरनंच खडूनं पॅच आखता येतो. त्यानंतर मग हाफ सेल पोटेन्शियल, म्हणजे विजेच्या दाबावरनं सळईचा गंज ओळखणं, कोअर काढून क्लोराईड किती खोल गेलंय याची तपासणी, अल्ट्रासॉनिक वगैरे. हाफ सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडं आकडे यायला लागले की गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात.

पूल प्रीस्ट्रेस्ड, म्हणजे ताणलेल्या पोलादी केबलनं काँक्रीट दाबून धरलेला, असेल तर भीती आणखी मोठी. साधी सळई गंजली की आधी भेग, डाग, पोपडा असं सगळं दिसतं, म्हणजे इशारा मिळतो. प्रीस्ट्रेसच्या केबल नळीच्या आत असतात, ताणलेल्या असतात, नळीत भरायचं सिमेंटचं ग्राउट अर्धवट राहिलं असेल तर आतल्या आत गंजतात आणि बाहेर फारसं काही न दिसता तुटतात. गोव्यात पणजीजवळचा मांडवीवरचा जुना पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला तो याच दुखण्यानं, आणि तो काही म्हातारा पूल नव्हता. वाशीच्या ठाणे खाडीवरच्या १९७३ च्या पहिल्या पुलालाही केबलच्या गंजानं ग्रासलं आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल सुरू करावा लागला. म्हणून कमान लावून जड वाहनं बंद केली की लोक चिडतात, पण मला विचाराल तर तो निर्णय घेणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी उभं राहायला पाहिजे. पुलाचा स्वतःचा भार तसाच राहतो, आपल्या हातात फक्त वरचा भार कमी करणं असतं.

दुरुस्ती का नाही करत असंही विचारतात. करतात की. पिअरला जॅकेटिंग म्हणजे भोवती काँक्रीटचं नवं वेष्टण, खराब काँक्रीट काढून सळई साफ करून नवीन थर, सळईऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे अॅनोड बसवणं, हे सगळं चालतं आणि गंज लवकर पकडला तर पुलाचं आयुष्य १०-१५ वर्षांनी वाढतंही. पण क्लोराईड एकदा सगळ्या गर्डरभर सळईच्या मागं पोचलं की एका ठिकाणी पॅच मारला तर त्याच्या कडेला नवीन गंज सुरू होतो, हे वारंवार दिसलेलं आहे. त्या टप्प्याला दुरुस्तीवर पैसे घालत बसण्यापेक्षा बदलायचं ठरवणं बरं, आणि ठरवल्यावर मग नीट बदलणं.

आता मुद्द्याचं. भराव.

कोल्हापूरच्या माणसाला भराव म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. २०१९ ला आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ फूट, आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे बंद पडला. तेव्हापासनं सगळे म्हणतायत की हायवेचा भराव पुराच्या पाण्याला आडवा येतो, तिथं पिलरचा पूल करा. हा मुद्दा आपण पंचगंगेसाठी पोटतिडकीनं मांडतो आणि घाट उतरून कोकणात गेलं की तोच भराव आपल्याला स्वस्तातला उपाय वाटायला लागतो. नदीला पूर वर्षातनं एक-दोनदा येतो, खाडीत पाणी रोज दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, तेही दोन्ही दिशांनी. नदीपेक्षा खाडीत भराव जास्त नडतो तो यामुळं.

कसा नडतो बघा. समजा खाडीचं पात्र आणि दोन्ही बाजूची खारफुटीची दलदल मिळून रुंदी ४०० मीटर आहे. दोन्हीकडनं दीडदीडशे मीटर भराव घातला आणि मधे १०० मीटरचा पूल ठेवला. भरतीला जे पाणी ४०० मीटर रुंदीतनं पसरून आत जायचं ते आता १०० मीटरमधनं जायला लागतं, नळीचं तोंड बोटानं दाबल्यावर पाणी सुटतं तसं. वेग वाढला की पुलाखालचा तळ खरवडायला लागतो, म्हणजे आपण ज्या पायावर नवीन पूल उभा केला त्याच पायाखालचा गाळ आपणच वाहून न्यायची सोय केली. आणि मधे हे असं खरवडत असताना भरावाच्या मागच्या कोपऱ्यात पाणी जवळजवळ थांबतं, तिथं गाळ बसत जातो. म्हणजे एकाच ठिकाणी खणणंही आणि भरणंही, दोन्ही नको तिथं.

खारफुटीचं तर यात मरण. तिवराच्या झाडाखाली चिखलातनं वर आलेली श्वासमुळं असतात, वीतभर उंच, बोटाएवढी जाड, शेकड्यानं. ओहोटीला ती उघडी पडून हवा घेतात, भरतीला बुडतात. भरावामागं पाणी साचून राहिलं की ही मुळं उघडीच पडत नाहीत आणि झाड गुदमरतं, उलट भरतीचं पाणी आत पोचायचंच बंद झालं तर जमीन सुकते, मीठ वर येतं आणि झाड तसंही जातं. भरावात ९०० किंवा १२०० मिलिमीटरचे पाईप टाकलेत की असं सांगितलं जातं, पण पावसाळे गेल्यावर त्या पाईपांत वाकून बघा, अर्ध्याच्या वर चिखल, बाकी प्लास्टिक आणि नारळाच्या झावळ्या, आणि साफ करायला कोणाची नेमणूक नसते. भरावाच्या एका अंगाला हिरवीगार झाडं आणि दुसऱ्या अंगाला राखाडी वाळकी खोडं, मधे फक्त रस्त्याची रुंदी, असं चित्र कोकणातनं जाताना डोळे उघडे ठेवले तर दिसतं. एकही झाड न तोडता ते जंगल गेलेलं असतं, त्यामुळं तोडलेल्या झाडांच्या हिशोबात ते कुठंच येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

आता गुंठ्यात सांगतो म्हणजे लगेच कळेल. वर १२ मीटर रुंदीचा रस्ता, भरावाची उंची ६ मीटर, बाजूचा उतार एकास दोन. म्हणजे तळाला रुंदी झाली ३६ मीटर. ३०० मीटर लांबीला १०,८०० चौरस मीटर, म्हणजे १०७ गुंठे, पावणेतीन एकराला थोडं कमी. तेच ३०० मीटर ३०-३० मीटरच्या गाळ्यांनी, म्हणजे दोन खांबांत तेवढं अंतर ठेवून, खांबांवर नेलं तर दहाएक पिअर येतात, एकेका पाईल कॅपला, म्हणजे जमिनीत खोल नेलेल्या पायाच्या खांबांच्या (पाईलच्या) डोक्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला, साधारण ५० चौरस मीटर धरले तरी सगळे मिळून पाच गुंठे. वर पुलाची सावली पडते ती वेगळी, पण पूल पुरेसा उंच असेल तर बाजूनं ऊन येतं आणि खालनं पाणी मोकळं फिरतं. १०७ आणि पाच, हा फरक डोक्यात ठेवूनच कुठल्याही खाडीच्या पुलाचा नकाशा बघायला पाहिजे.

आणि भराव स्वस्त असतो हेही पूर्ण खरं नाही. खाडीच्या काठाला वरचे कितीतरी मीटर नुसता मऊ सागरी चिखल असतो, काळा, वास येणारा, हातात घेतला तर बोटांतनं निसटणारा. अशा चिखलावर अडीच-तीन मीटरच्या वर मुरूम एकदम चढवला की खालचा चिखल बाजूला सरकतो, भराव खचतो आणि शेजारची जमीन फुगून वर येते. सहा मीटर भरावाचं वजन दर चौरस मीटरला ११ टनांच्या आसपास जातं, ते या चिखलानं पेलायचं तर आधी उभे ड्रेन घालून, टप्प्याटप्प्यानं भर टाकून, मधे महिनोन् महिने थांबून त्यातलं पाणी पिळून काढावं लागतं. तरी पुढं वर्षानुवर्षं तो बसत राहतो. पूल पाईलवर, म्हणजे खडकावर, आणि जोडरस्ता चिखलावर, मग जिथं दोन्ही भेटतात तिथं गाडी दणकन आदळते, दरवर्षी डांबर घालून लेव्हल करायची, म्हणजे वजन आणखी वाढतं. सरकणारा चिखल ॲबटमेंटच्या, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधाराच्या, पाईलला आडवा ढकलतो ती आणखी एक डोकेदुखी. पुलाचा दर मीटरचा खर्च भरावापेक्षा कितीतरी जास्त असतो हे मान्य, पण हा पुढचा खर्च, पाईप साफ करायचा खर्च, तळाची खरवड थांबवायला दगड टाकायचा खर्च, हे सगळं अंदाजपत्रकात धरतच नाहीत आणि मग भराव स्वस्त दिसतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. खाडीवर पूल बदलायचा तर काठापासनं काठापर्यंत, म्हणजे कडक जमिनीपासनं कडक जमिनीपर्यंत, खांबांवर न्या. लांबी वाढवा, भराव जवळजवळ शून्यावर आणा. हे एक ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, परवानग्यांचे सुद्धा.

परवानग्यांबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण उशीर होतो तो तिथं. खारफुटी म्हणजे सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) एक-अ, सगळ्यात कडक वर्ग. खारफुटीचं क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्या कडेनं ५० मीटरचा पट्टाही त्यातच धरतात. मालवण आणि आचरा-रत्नागिरी हा भाग तर सीआरझेडच्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीतच आहे, शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासनंचं. तर आधी भरतीरेषा आणि ओहोटीरेषा केंद्रानं मान्यता दिलेल्या ठराविक संस्थेकडनं आखून घ्यायच्या, १:४००० च्या नकाशावर पुलाची आखणी बसवायची, मग महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, तिथनं पुढं केंद्राचं पर्यावरण मंत्रालय. जमीन वनखात्याकडं अधिसूचित असेल तर वनसंरक्षण कायद्याची मंजुरी वेगळी. आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय, कारण २०१८ च्या निकालानुसार खारफुटीला हात लावायचा तर काम सार्वजनिक हिताचं आहे हे कोर्टापुढं दाखवावं लागतं. लोकांना ही अडवणूक वाटते, मला तशी वाटत नाही, ही सगळी छाननी एकच प्रश्न विचारते की तुम्ही कमीत कमी नुकसानीचा मार्ग शोधला का. ज्याच्याकडं १०७ गुंठ्यांचा नकाशा असतो त्याला उत्तर देता येत नाही, मग आखणी बदला, परत सर्व्हे, परत अर्ज, वर्षं जातात. पाच गुंठ्यांचा नकाशा पहिल्याच दिवशी नेला तर बोलणं वेगळं होतं.

परवानगीचा विचार आधी न करण्याची किंमत कोल्हापूरनं मोजलीय. शिवाजी पुलाला पर्यायी पूल अर्धवट बांधून वर्षानुवर्षं तसाच पडला, कारण ब्रह्मपुरी टेकडीमुळं पुरातत्त्वाचा कायदा आडवा आला. मधल्या काळात जुन्याच अरुंद पुलावरनं वाहतूक चालू राहिली आणि जानेवारी २०१८ मध्ये मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत पडली, १३ जण गेले. तो दिवस आठवला की अजून गलबलतं. कायदा योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवा, पण कायदा तिथं आहे हे पहिली कुदळ मारायच्या आधी माहीत असायला पाहिजे होतं.

यावर लगेच सावित्रीचं उदाहरण येतं. महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटी बससह गाड्या गेल्या, आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, मग इथं का नाही? अहो, बांधायला इथंही फार वेळ लागणार नाही, फार तर दोन-अडीच हंगाम. पण तिथं खारफुटीच्या जंगलातनं वाट काढायची नव्हती आणि सगळी यंत्रणा एका कामावर तुटून पडली होती. आपल्याला माणसं जायच्या आधी तशी घाई करायची असेल तर ती सर्व्हे, माती परीक्षण आणि आखणीत करा.

आखणी करताना शक्यतो जुन्या पुलाला लागूनच नवीन घ्यावा, कारण तो पट्टा आधीच बिघडलेला आहे, नवीन जंगल फोडावं लागत नाही आणि गावाचे रस्ते तिथंच जोडलेले असतात. पण लागून घेताना नवीन पिअर जुन्या पिअरच्या रेषेत, प्रवाहाला समांतर यायला पाहिजेत, म्हणजे जुना गाळा १५ मीटरचा असेल तर नवा ३० चा ठेवा, एकाआड एक पिअर जुळतो. नाहीतर जुना पाडेपर्यंत पाण्याला दुहेरी अडथळा होतो. तळाची खरवड किती खोल जाईल याचा हिशोब काढायला नदीसाठी आपण लेसीचं सूत्र वापरतो, खाडीत दोन दिशांचं पाणी, वर पावसाळ्यात डोंगरातनं येणारा पूर, आणि पूर आणि उधाण एकाच वेळी आलं तर काय, यासाठी मॉडेल करून घेणं चांगलं. खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासनं हेच काम करतात, अख्ख्या देशातनं लोक तिथं येतात आणि आपल्यापासनं ते चार-पाच तासांवर आहे. गावातल्या मच्छिमारांनाही विचारा, उधाणाला होडी पुलाखालनं जाते का, प्रवाह कुठल्या गाळ्यात जोरात असतो, २० वर्षांत खोल जागा कुठनं कुठं सरकली. ही माहिती एकही यंत्र देत नाही.

प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त नासाडी होते ती तात्पुरत्या रस्त्यानं. पाईलिंगची मशीन आत न्यायला ठेकेदार मुरुमाचा रस्ता टाकतो, काम झाल्यावर काढीन म्हणतो, आणि तो पूर्ण कधीच निघत नाही, कारण निम्मा मुरूम चिखलात रुतलेला असतो. म्हणजे कागदावर पूल खांबांवर आणि जागेवर भराव झालेलाच. यासाठी निविदेतच लिहा की आत जायला लोखंडी ट्रेसल, म्हणजे पाईपच्या खांबांवरचा तात्पुरता लोखंडी पूलच वापरायचा, खोल पात्रात बार्ज म्हणजे सपाट तरंगता तराफा, मुरूम चालणार नाही. पाईलला कायमचा लोखंडी लायनर घ्यायचा, म्हणजे चिखल आत ढासळत नाही. बेंटोनाईट, म्हणजे पाईलच्या खड्ड्यात भरायची बारीक माती, आणि पाईलमधनं निघालेला गाळ टाकीत धरून ट्रकनं बाहेर न्यायचा, ओहोटीला सोडून द्यायचा नाही, कारण बेंटोनाईट इतका बारीक असतो की तिसऱ्या, शिवल्या, कालवं या शिंपल्यांच्या जागेवर त्याचा थर बसतो आणि त्या गुदमरून मरतात. पुलाच्या खालच्या अंगाला गुडघाभर चिखलात बसून ओहोटीच्या दोन-तीन तासांत शिवल्या काढणाऱ्या बायका असतात, त्यांचा त्या दिवसाचा बाजार त्या टोपलीवर असतो, आणि आपल्या पर्यावरण अहवालात त्यांचं नाव बऱ्याच वेळा येतच नाही. काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्याशी बोलून कुठल्या जागा, कुठले महिने, हे लिहून घ्यायला काही खर्च नाही.

हंगामाचाही पेच आहे. पावसाळ्यात खाडीत काम होत नाही, म्हणजे ऑक्टोबर ते मे एवढेच महिने, आणि त्यातच मार्चपर्यंत चिखलाच्या मैदानांवर बाहेरनं आलेले पक्षी असतात. म्हणून दणकट आवाजाचं काम पक्षी उतरतात त्या मैदानापासनं लांबच्या टोकाला आधी घ्यायचं आणि जवळचं मार्चनंतर, असं वेळापत्रक लावता येतं. गर्डर जागेवर ओतत बसण्यापेक्षा काठावरच्या यार्डात ओतून उचलून ठेवले तर खाडीतले दिवस खूप कमी होतात. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं साईटवर घड्याळाची शिफ्ट चालत नाही, तिथीची शिफ्ट लावावी लागते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाईल कॅपचं काम, उधाणात वरचं काम. हे ज्या सुपरवायझरला कळतं त्याची साईट वेळेत पुरी होते.

काँक्रीटबद्दल थोडक्यात. स्लॅग किंवा फ्लाय ॲश घातलेलं घट्ट काँक्रीट, कव्हर ७५ मिलिमीटर आणि ते खरोखर ७५ च भरलंय का हे ओतायच्या आधी पट्टीनं मोजणं, कव्हर ब्लॉक त्याच ताकदीच्या काँक्रीटचे, क्युरिंग गोड्या पाण्यानं. खाडीचं पाणी हाताशी आहे म्हणून क्युरिंगला मारणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात मीठ आत घालणं. सळई आणून महिनोन् महिने खाऱ्या वाऱ्यात उघडी ठेवायची नाही. आणि पुलाचे सांधे जेवढे कमी तेवढं बरं, कारण सांध्यातनं गळणारं पाणी थेट पिअर कॅपवर पडतं आणि बेअरिंगच्या आसपासचं काँक्रीट सगळ्यात आधी जातं.

राहिला जुना पूल. नवीन चालू झाला की जुन्याकडं कोणी बघत नाही, तो तसाच उभा राहतो आणि पुढं त्याचे तुकडे खाडीत पडत राहतात. तो डायमंड वायरनं कापून, तुकडे उचलून न्यायचा, पिअर तळाच्या पातळीखालपर्यंत काढायचे. आणि त्याबरोबर जुन्या पुलाचे जुने भराव काढायचे, हे तर कोणाच्याच डोक्यात येत नाही. नियमाप्रमाणं खारफुटी गेली तर तिच्या तिप्पट क्षेत्रावर लागवड करावी लागते, ती बऱ्याच वेळा दुसऱ्याच कुठल्या उघड्या चिखलाच्या मैदानावर करतात, तिथं एकाच जातीची रोपं ओळीनं लावतात, त्यातली कितीतरी लाटांनी जातात आणि पक्ष्यांची चरायची जागाही जाते. त्यापेक्षा जुना भराव मूळ पातळीपर्यंत उतरवा, भरतीचं पाणी आत येऊ द्या. तिवर आणि कांदळाच्या बिया पाण्यावर तरंगतच येतात, पातळी बरोबर असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत स्वतःहून धरतात, मागोमाग चिप्पी आणि मारांडीही येतात, जिथं जी जात यायला पाहिजे तिथं ती.

तर मित्रा, तुझ्या सासुरवाडीच्या लोकांना सांग की पूल कधी होणार एवढंच विचारत बसू नका. बांधकाम खात्याकडं पुलाचा जीएडी, म्हणजे एकूण मांडणीचा, नकाशा मागा, माहिती अधिकारात मिळतो. त्यात दोन्ही ॲबटमेंट कुठं दाखवलेत ते बघा, खारफुटीच्या अलीकडं की पलीकडं. पुलाची लांबी आणि खाडीची उधाणाच्या भरतीची रुंदी शेजारी शेजारी लिहून काढा. आत जायचा तात्पुरता रस्ता कसला, ते अंदाजपत्रकात शोधा. आणि जुना पूल आणि जुना भराव काढायची बाब त्यात आहे का ते बघा, नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून निविदा निघायच्या आधी लेखी द्या, कारण निविदा निघाल्यावर तीच बाब वाढीव काम म्हणून घालायची तर मंजुरीची सगळी फेरी पहिल्यापासनं करावी लागते आणि तोवर ठेकेदाराची मशिनरी दुसऱ्या साईटवर गेलेली असते.